टॉवर बंद असताना आलेला फोन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटलंय. माझा पिंडच तसला नाही. आमच्या चिपळूणच्या घरात लग्नाच्या वेळी पत्रिकासुद्धा कुणी बघितल्या नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पुढची सगळी नोकरी मोबाईलच्या टॉवरवर. सिग्नल आहे किंवा नाही, करंट आहे किंवा नाही... याच्या पलीकडे तिसरं काही असतं असं मला कुणी शिकवलं नाही आणि मला त्याची कधी गरजही वाटली नाही.

तरी हे लिहितोय. पटवून द्यायला नव्हे – मला स्वतःलाच पटलेलं नाही.

२००९ साल संपत आलं होतं. मी तेव्हा टॉवरची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला होतो, ऑफिस रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला, एमआयडीसीत. त्या वर्षी जिकडेतिकडे थ्रीजीची चर्चा. मोबाईलवर टीव्ही दिसणार, समोरच्याचा चेहरा बघत बोलता येणार, वायरशिवाय इंटरनेट धावणार वगैरे. आमच्यासाठी थ्रीजीचा अर्थ एवढाच की एकेका टॉवरवर जायचं, जुनं कॅबिनेट, म्हणजे यंत्रांचं कपाट, काढायचं, नवं बसवायचं आणि तोवर टॉवर बंद ठेवायचा. याला आम्ही स्वॅप म्हणायचो.

त्यातला एक टॉवर गुहागर तालुक्यात होता, हेदवीपासून फार लांब नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. वर नुसता कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, खाली उतरलं की पंचवीस-तीस घरं, मशीद, आणि छोटंसं बंदर. टॉवर सड्यावर. गावाला तेवढा एकच, दुसऱ्या कंपनीचं कार्ड तिथे चालायचंच नाही. जागा हसनचाचांची. चाचा स्वतः तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, आणि बोटही त्यांचीच. साठीला आलेले, पण अंगाने काटक. कंपाउंडची किल्ली त्यांच्याकडे असायची, म्हणून तिथे गेलं की आधी त्यांच्या घरी जायचं हे ठरलेलं. त्यांची बायको हमीदाखाला मला चहा घेतल्याशिवाय वर सोडायची नाही. दोघं मला नावाने हाक मारायची, चाचा बऱ्याचदा नुसतं 'बाळा'. मुलगा कुवेतला होता. आदल्या खेपेला चाचांनी मला विचारलं होतं, नवीन मशीन बसलं की त्याचं तोंड दिसेल का रे? म्हटलं, दिसेल, पण त्याला फोनही नवा लागेल.

त्या दिवशी आम्ही तिघं होतो. मी, पुण्याहून आलेले इंजिनियर जोशीसाहेब आणि टॉवरवर चढणारा आमचा रिगर. किल्ली घ्यायला गेलो तेव्हा चाचा घरी नव्हते, पहाटेच बोट घेऊन गेले होते. सकाळी ऑफिसकडून परवानगी आल्यावर जोशीसाहेबांनी टॉवर बंद केला. मग आम्ही जुन्या कॅबिनेटची वीज तोडली, बॅटऱ्या सोडवल्या, ॲन्टेनाकडे जाणाऱ्या केबल काढून त्यांच्या टोकांना पिशव्या बांधल्या. दुपारपर्यंत ते जुनं कॅबिनेट उघड्या कातळावर आडवं पडलं होतं आणि नवं अजून खोक्यातच होतं. हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान होऊन गेल्यावर खालाचा निरोप आला की जेवायला या. जोशीसाहेब आणि रिगर वरच डबा खाणार होते, मी एकटा खाली उतरलो. खालाने बांगड्याचं सार आणि तांदळाची भाकरी वाढली. मी पडवीत जेवायला बसलो होतो, ती उंबऱ्यात बसून मुलाच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती. चिपळूणचीच एक मुलगी सांगून आली होती, तर मी त्या घराची चौकशी करावी असं तिचं म्हणणं.

तेवढ्यात आत मोबाईल वाजला.

मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. फोन वाजतो, त्यात काय... खाला उठून आत गेली, तिचं 'हां, बोला' ऐकू आलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घास हातातच राहिला. वाटलं, जोशीसाहेबांनी एवढ्यात नवं चालू केलं की काय? पण ते शक्य नव्हतं. नवं खोक्यातून काढायलाच आम्हाला तास लागला असता.

खाला फोन घेऊन बाहेर आली. चेहऱ्यावर काही नाही, रोजचाच.

"यांचा फोन हाय. तुझ्याकडं दे म्हणतायत."

मी डावा हात पुढे केला. कानाला लावण्याआधी स्क्रीन बघितली, ती सवयच असते आम्हाला. रेंजची एकही कांडी नव्हती.

"बाळा," चाचा म्हणाले, "सुभाषला सांग, मोठ्या खडकावर चार माणसं हायत. भरती लागली. लवकर जा म्हणावं."

मोठा खडक म्हणजे बंदराच्या तोंडापासून बराच बाहेर असलेला काळा खडक. ओहोटीला तो पाण्यावर दिसतो, भरतीला बुडतो. सुभाष खारवी म्हणजे शेजारच्या आळीतला, त्याची इंजिनाची होडी होती. मी गोंधळलो आणि जे विचारायला नको तेच विचारलं. म्हटलं, चाचा, टॉवर तर बंद आहे, तुमचा फोन लागला कसा?

"ते मागनं बघू," चाचा म्हणाले. "आधी माणसं आण."

आणि फोन बंद झाला.

आवाज त्यांचाच होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण एक गोष्ट मला नंतर आठवली आणि तिने माझी झोप घालवली. त्या आवाजामागे वारा नव्हता, लाटांचा आवाज नव्हता, काहीच नव्हतं. बंद खोलीत शेजारी बसून बोलावं तसे ते बोलत होते.

खरकट्या हाताने तसाच धावलो. सुभाष बंदरावरच जाळं विणत बसला होता. त्याने मला एवढंच विचारलं, "नक्की तांडेलच बोलला?" हो म्हटल्यावर त्याने दोघांना सोबत घेतलं आणि होडी काढली. तोवर खाला खाली आली, मागोमाग बायका आल्या, म्हातारे आले. मला पोहता येत नाही, मी तिथे निरुपयोगी उभा. खाला सारखी डोळ्यांवर हात धरून बाहेर बघत होती.

होडी परत येताना लांबूनच दिसली. खाला डोकी मोजत होती, ओठ हलताना मला दिसत होते. सुभाष, त्याची दोन माणसं आणि चौघं. चौघंच. चाचा धरून बोटीवर पाच जण गेले होते.

चाचांचा पुतण्या इरफान पहिला उतरला. थंडीने नुसता कापत होता, त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. त्याने जे सांगितलं ते असं. परत येताना बोटीच्या पंख्यात दोरी अडकली, इंजिन बंद पडलं आणि बोट खडकाकडे ओढली जायला लागली. चाचा दोरी कापायला स्वतः पाण्यात उतरले. लाटेने बोट उचलली आणि त्यांच्यावर आपटली. ते वर आलेच नाहीत. मग बोट खडकावर फुटली, हे चौघं कसेबसे वर चढले. हे सगळं सकाळी, ओहोटी चालू असताना. दोघांकडे मोबाईल होते, ते भिजून बंद पडेपर्यंत हे घरी फोन लावत राहिले. खडकावरून एरवी चांगली रेंज मिळते, आमचा टॉवर तिथून सरळ समोर दिसतो.

"रेंजच नव्हती," इरफान म्हणाला. सुभाषने त्याला विचारलं की मग तांडेलचा फोन कसा आला. इरफानला ते पटेचना. चाचांचा मोबाईल चाचांच्याच खिशात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. चाचा जाऊन तेव्हा कितीतरी वेळ झाला होता.

खाला तिथेच वाळूत खाली बसली.

मी वर सड्यावर गेलो. जोशीसाहेब नवं कॅबिनेट बसवत होते. मी आधी केबल बघून आलो. टोकांना आम्हीच बांधलेल्या पिशव्या तशाच होत्या. संध्याकाळी टॉवर चालू झाला आणि पहिला फोन बहुतेक कुवेतला गेला असेल.

दोन दिवसांनी चाचा वेळणेश्वरच्या बाजूला किनाऱ्याला लागले. मोबाईल खिशातच होता. पोलिसांना सुभाषने सांगितलं की बोट वेळेत आली नाही म्हणून तो शोधायला गेला. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. दुसरं सांगणार तरी काय?

माझ्या परीने मी शोध घेतला. खालाच्या मोबाईलवर आलेल्या फोनच्या यादीत त्या दुपारचं काही नव्हतं, आमच्या सिस्टीमवरही तो टॉवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंदच दिसत होता. जोशीसाहेबांचं म्हणणं असं की समुद्रावरून कधी कधी फार लांबचा सिग्नल येतो, पलीकडच्या जयगडच्या बाजूचा एखादा टॉवर पकडला असेल. हे खरंच होतं, नाही असं नाही. म्हणून पुढे एकदा दुरुस्तीसाठी तो टॉवर बंद केला तेव्हा मी मुद्दाम त्या पडवीत खालाचा मोबाईल हातात घेऊन उभा राहिलो. काहीच पकडलं नाही त्याने. आणि समजा पकडलं असतं... तरी खिशातल्या पिशवीतून, पाण्याखालून बोललं कोण?

मला जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. त्या चौघांनी सकाळीच फोन लावला होता. टॉवर चालू असता तर तेव्हाच होडी निघाली असती. चाचा वाचले नसते, इरफान शपथेवर सांगतो की ते तिथल्या तिथे गेले. मीही स्वतःला तेच सांगतो. पण इतक्या दिवसांमधून आम्ही नेमका तोच दिवस निवडावा, आणि आम्ही बंद केलेल्या त्याच टॉवरवरून... जाऊ दे. याचा विचार करायला लागलो की वाक्य पुरं होत नाही.

नंतर मी त्या ठेकेदाराची नोकरी सोडली. पण त्या बाजूला गेलो की खालाकडे जातो. तिने टॉवरबद्दल मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारते ते वेगळंच. पहिल्यांदा विचारलं ते चाचांच्या चाळिसाव्या दिवशी, सगळे जेवून गेल्यावर.

"माझ्याशी एवढंच बोलले – मनोज हाय ना घरात, त्याला दे. मी लगेच दिला," ती म्हणाली. "तुझ्याशी अजून काय बोलले?"

मी सांगितलं. सुभाषला सांग, चार माणसं, भरती. ते मागनं बघू, आधी माणसं आण.

"माझं काय?"

तुझं काही नाही, असं मला म्हणता आलं नाही. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

तिने ते ऐकून घेतलं, पण त्यावर ती थांबली नाही. गेल्या रमजानमध्ये गेलो तेव्हाही तिने तेच विचारलं, तितक्याच हळू आवाजात. मी पुन्हा तेच शब्द सांगितले, एकही वाढवला नाही. वाढवणं सोपं आहे, दोन शब्दांचं तर काम... ती पदर सावरून, जरा पुढे झुकून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी सगळं ऐकते.