छोट्या लाईनवरचं सेमरतरा आणि बाबांचं नाव

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून इथे रस्ते आणि फलक यांना तोटा नाही. रस्त्यांना गाड्या कमी पडतात आणि फलकांना इतिहास. म्हणून एका कार्यालयाने बंद पडलेल्या छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, स्टेशनांवर फलक लावायचं ठरवलं आणि जनतेकडून माहिती मागवली. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'स्टेशनशी जोडलेली स्मरणीय व्यक्ती'. अट एकच: गावातल्या एका तरी माणसाची साक्ष हवी.

माझे बाबा वर्ध्याहून रेल्वेत लागून इकडे आले आणि सेमरतऱ्याला अकरा वर्षं स्टेशन मास्तर होते. फॉर्म वाचून म्हणाले, "माह्याशिवाय कोन हाय तिथं स्मरणीय?" साक्ष आणायला रविवारी आठला निघायचं ठरलं होतं, सहालाच ते बूट घालून सोफ्यावर बसलेले. निवृत्तीला वीस वर्षं झाली, पण आमच्या घरात चहासुद्धा अजून टाइमटेबलनं येतो.

चौबे कॉलनीतल्या घरून निघालो. नव्या राजधानीचा रस्ता इतका रुंद आहे, की तो ओलांडणाऱ्या म्हशी मध्ये दुभाजकावर विसावा घेतात. एका चौकात सिग्नल लाल होता. चारही दिशांना चिटपाखरू नाही. मी गाडी पुढे घेणार होते, तेवढ्यात बाबा गरजले, "लाल म्हंजे लाल!" मग आम्ही दोघं दीड मिनिट एका न बांधलेल्या मंत्रालयाच्या पाटीकडे आदराने बघत थांबलो.

ज्यांना जायचंय त्यांनी धानकापणीनंतर जावं. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना माझा नमस्कार. राजधानी संपली की रस्ता माणसांच्या मापाचा होतो, खड्डेही आपुलकीने भेटतात. वाटेत टपरीवर चिला खा, म्हणजे तांदळाचं धिरडं, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. दोघांचं पोट साठ रुपयांत भरलं. खाताना बाबांनी मला लहानपणापासून पाठ असलेलं भाषण पुन्हा ऐकवलं: अकरा वर्षांत आपली गाडी एक मिनिटही उशिरा सुटली नाही आणि स्टेशन मारलं ते बसवाल्यांनी.

सेमरतरा आलं. आता तिथे रूळ सोडून सगळं आहे. तिकीटघरात धानाची पोती, सिग्नलच्या खांबाला बांधलेली बकरी, आणि वीतभर उंचीच्या फलाटावर वाळत घातलेलं धान. गावातली सुकवारो दाई, म्हणजे इकडच्या बोलीत आई, सत्तरीपलीकडची, पायांनी ते धान फिरवत होती. बाबा कोटाची बटणं लावून तिच्यासमोर उभे राहिले. तिने त्यांना धानावरून बाजूला व्हायला सांगितलं.

मी विचारलं, "दाई, यहाँ के स्टेशन मास्टर याद हैं?"

"हव!" तिचा चेहरा उजळला. "बंगाली बाबू! हमन मेड ले चिल्लावन, त ओ हर हमर बर गाडी रोक देवय."

त्या काळी इथल्या बाया डोक्यावर तांदळाच्या टोपल्या घेऊन रायपूरच्या गोल बाजारात विकायला जायच्या. शेतावरची कामं आटोपून बांधावरून धावत येताना आरोळी द्यायच्या. तोवर बंगाली बाबू हिरवी झेंडी काखेत दाबून उभा राहायचा. गार्ड शिट्ट्या फुंकायचा, बाबू पान लावत बसायचा. शेवटची टोपली चढली की मगच झेंडी हलायची. फलाटावर पाय ठेवायला जागा नसे, दाई हाताने दाखवत होती.

बाबांनी घसा खाकरला. "और उनके बाद वाले? चश्मे वाले, टाइम के एकदम पक्के?"

दाई विचारात पडली. अगदी मनापासून आठवून पाहिलं तिने.

"ओखर बाद कोनो रहिस होही. गाडी छूट-छूट जाय, त हमन बस म जाय लगेन."

कोणीतरी असेल. गाडी सुटून जायची, म्हणून बाया बसने जायला लागल्या. ती पुन्हा धान फिरवायला लागली. मला बाबांकडे बघवेना. आयुष्यभर त्यांच्या टाइमटेबलची टिंगल केली होती, आज ती करायची आयती संधी होती आणि मी गाडीची किल्ली शोधत बसले. ते तिकीटघराच्या खिडकीपाशी जाऊन आत डोकावले, पोत्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, चल.

परतीचा रस्ता अर्थातच अप्रतिम. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मध्येच कुंपण घातलेली 'प्रस्तावित' जमीन. फोटो काढायला छान, पण मी काढले नाहीत.

घरी आल्यावर मी फॉर्म पुढे ओढला. "साक्ष तर मिळाली, पण 'बंगाली बाबू' एवढंच लिहिता येईल. खरं नाव कोणाला ठाऊक असणार?"

"मले ठाऊक हाय," बाबा म्हणाले. "चार्ज मीच तं घेतला त्याइच्याकडून. नीलमणी हालदार. नीट लिहिजो."

मी लिहिलं. खाली जागा उरत होती. "बाबा, तुमचंही टाकते."

"काहून? त्याइनं मले भरलेलं स्टेशन देल्लं होतं. मी ते येळेवर रिकामं केलं."