वाढत्या वयाचा हिमालय

मुलांसाठी हिमालयावर लिहायला बसले होते, पण पहिलं वाक्यच सुचत नव्हतं. ‘अतिशय उंच’ असं लिहिलं की तो लांब जाऊन उभा राहायचा. कंटाळून अंगणात आले.

तिथं शेजारची मुक्ता दिवाळीच्या किल्ल्याजवळ रडवेली बसली होती. सगळ्यांचे रायगड, म्हणून हिचा यंदा हिमालय. दगडांवर ओलं पोतं, त्यावर लाल माती आणि माथ्यावर पांढऱ्या रांगोळीचा बर्फ. पण किल्ला म्हटला की हात आपोआप अळीव पेरतात. हिनंही पेरले होते, अगदी शिखरापर्यंत. वर पहाऱ्याला मातीचा मावळाही होता. आता अळीव उगवले होते. बर्फाला भेगा पडल्या होत्या आणि कोंब रांगोळीचे कण डोक्यावर घेऊन उभे होते.

“काकू, माझा हिमालय बिघडला.”

मी तिच्याजवळ टेकले. “अगं, खराही असाच वर आलाय. तिथं आधी समुद्र होता. त्याचा तळच उचलला गेला, शिंपल्यांसकट. अजून वाढतोय तो, आपली नखं वाढतात तसा, कुणाला कळू न देता.”

बोलता बोलता कोवळ्या उन्हात मला सगळं अंगणच हलकेच वर चालल्यासारखं वाटलं.

मुक्तानं एका कोंबाला हळूच बोट लावलं. “म्हणजे तो अजून लहान आहे?”

“डोंगरांत लहानच. आपला सह्याद्री त्याच्याहून थोरला.”

तिनं शिखरावरचा मावळा अलगद उचलला आणि पायथ्याशी ठेवला.

“ओझं नको त्याला,” ती म्हणाली. “वाढू दे.”