आमची अल्टो

घरात मी एवढंच म्हणाले होते, की यंदाच्या बोनसमधून अल्टो घ्यायची. तेवढ्यावरून दोन दिवसांत आमच्या दारात सेकंडहँड गाड्यांचा एजंट हजर. धाकट्या दिरांनीच त्याला आणला होता. पांढरी चालेल का, टायर नवे आहेत, एकाच मालकानं वापरलेली आहे, असं त्याचं चाललं होतं. सासूबाई त्याला चहाचा आग्रह करत होत्या, कारण गाडी आली की पहिली फेरी कर्जतला, त्यांच्या माहेरी, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी कंपनीतून दमून आलेली. म्हटलं, अहो, मला चाकांची अल्टो नको, फुंकायची हवी. तो माणूस आ वासून बघत राहिला. मग सॅक्सोफोन म्हणजे काय, त्यात लहानमोठे प्रकार असतात, नव्यानं शिकणाऱ्यानं अंगाखांद्याला झेपेल असा अल्टो घ्यावा, हे सगळं त्याचा चहा संपेपर्यंत सांगत बसले. सासूबाई म्हणाल्या, चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसानं पिपाणी फुंकायची म्हणजे कठीणच आहे बाई. मी म्हटलं, कठीण आहे म्हणून तर शिकायचीय. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते कारण व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलं होतं आणि त्याला यातलं एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. ते म्हणजे माझे वडील, आप्पा.

आप्पांनी श्रीरामपूरला लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरनेट वाजवलं. बँडमध्ये सॅक्सोफोन एकच होता आणि तो मास्तरांचा. पण मास्तर पंगतीला बसले की तो आप्पांच्या गळ्यात यायचा. लग्नागणिक अर्धा तास, फार तर पाऊण. मी लहानपणी बँडच्या पेटीवर बसून तो अर्धा तास पाहिलेला आहे. क्लॅरनेट वाजवताना आप्पा इतर वाजवणाऱ्यांसारखेच घामेजलेले, कंटाळलेले असायचे. सॅक्सोफोन तोंडाला लागला की ते दुसरेच कोणीतरी व्हायचे, आणि खरं सांगते, मला त्यांची भीती वाटायची. देवळात गेल्यावर वाटते तशी. मला शिकवा म्हणून एकदा मागे लागले, तर म्हणाले, पोरीबाळी बँडमध्ये चालत न्हाईत. तो राग मी अजून सोडलेला नाही.

पुढे डीजे आले, बँड मोडला, क्लॅरनेट बँडच्या सामानाबरोबर गेलं. आप्पांचे कान लहानपणापासून वाहायचे, ते हळूहळू पार गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की पडदे आणि आतली बारकी हाडं कामातून गेली आहेत, नस मात्र जिवंत आहे. जिवंत असून उपयोग काय, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. कानाचं मशीन घेतलं, पण ते नुसतं खरखरतं म्हणून आप्पांनी ते कपाटात टाकलं. आई गेल्यावर त्यांना मी माझ्याकडे आणलं. मी कंपनीतल्या जुन्या जॉब कार्डांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहायची, ते वाचून मान हलवायचे. हळूहळू बोलणंही थांबलं. दुसऱ्याचं कानावर येत न्हाई तर आपनच किती बडबडायचं, एवढं एकदा म्हणाले. त्यानंतर वर्षभरात त्यांच्या तोंडून मी धड दहा वाक्यं ऐकली नसतील.

मला माझे आप्पा परत हवे होते. मी चुकीच्या जागी बोटं ठेवली तर निदान चिडून तरी बोलतील, असा माझा हिशेब. पण धास्तीही होती. ज्याचे कान गेले त्याच्यासमोर वाजवायची वस्तू नेऊन ठेवायची, म्हणजे उपाशी माणसाचे हात बांधून त्याच्यापुढे ताट वाढायचं. ते कायमचे मिटून गेले तर? तरी त्यांना बरोबर नेलं. कार्डावर फक्त 'बाजारात जायचंय' एवढंच लिहिलं.

नगरमध्ये एक जुनं दुकान आहे, ढोलकी, पेटी, ताशे, सगळं मिळतं. दुकानदारांनी काउंटरवर दोन अल्टो मांडले. एक नवाकोरा, इतका चकचकीत की त्यात माझ्या नाकाचा भोपळा दिसत होता. दुसरा वापरलेला, मुलामा उडून काळपट डाग पडलेला. मी नागापूरच्या कंपनीत वीस वर्षं मालाची तपासणी करते, त्यामुळे डोळे मिटून काही घेणं माझ्या रक्तात नाही. पर्समधून बारीक टॉर्च काढला, नळीत सोडला, वर ओढणी घेऊन अंधार केला आणि एकेक झाकण मिटून कुठून उजेड झिरपतो ते बघत बसले. जिथून उजेड जातो तिथून हवा जाते. दुकानदार म्हणाले, ताई, इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. दोन्ही पास झाले. मग मला विचाराल तर नवाच घ्यायचा. दिसायला बरा, वर डाग नाही.

वाजवून बघा म्हणाले. बघितला. नुसतं फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी हवा गेली. दुकानदारांनाही वाजवता येत नव्हता. आप्पा स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून बसलेले. मी परत फुंकलं, गाल फुगवले, तोंड लाल झालं. तेव्हा त्यांनी मान वळवली. माझे फुगलेले गाल त्यांना दिसले असावेत. ते उठले, काउंटरशी आले, आणि नव्याकडे न बघता तो काळपट उचलला. पट्टा गळ्यात घातला. तोंडाकडच्या टोकाची वेताची पट्टी, तिला रीड म्हणतात, ती सोडवून जिभेवर ओली केली, पुन्हा बसवली. वरचे दात टेकवले, ओठ मिटले आणि फुंकले.

एकच लांब स्वर. ताशे टांगलेले होते, ते बारीक थरथरले. माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षांत ज्यानं वाद्याला हात लावला नाही त्या म्हाताऱ्याच्या छातीतून हे येतं कुठून, मला कळेना. आणि मग आप्पा मध्येच थांबले. डोळे मोठे झाले. काही दुखलं की काय म्हणून मी पुढे झाले. त्यांनी पुन्हा दात टेकवले, हळू फुंकलं, पुन्हा थांबले.

"ऐकू येतंय," ते म्हणाले. "पोरी, मला ऐकू येतंय."

मी दुकानदारांकडे बघितलं, दुकानदारांनी माझ्याकडे. दातांतून, कवटीच्या हाडांतून तो स्वर कानाला वळसा घालून आत पोहोचत होता. नस जिवंत आहे, याचा अर्थ हा. डॉक्टरांशी मी किती फटकळपणे बोलले होते. मी तिथेच, ढोलक्यांच्या ढिगात, खाली बसले आणि रडले. आप्पांचं लक्षच नव्हतं. ते खालचे स्वर वाजवत होते, मग वरचे, एकेक करून, हरवलेली माणसं मोजावीत तसे. नवाही त्यांनी वाजवून पाहिला आणि लगेच खाली ठेवला. "ह्यो नुसता वरडतो," म्हणाले. काळपटच घ्यायचा ठरला. माझी टॉर्चची तपासणी गेली चुलीत.

घरी सासूबाईंनी अल्टो आली म्हणून नारळ फोडला आणि वाद्याच्या पेटीला लिंबू-मिरची बांधली. मी हसून घेतलं. संध्याकाळभर आप्पा वाजवत होते आणि शेजारपाजार गोळा झाला. ज्या दिरांनी गाडीवाला आणला ते दाराशी उभे राहून हात जोडल्यासारखे ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी. आप्पांनी पट्टा माझ्या गळ्यात घातला, बोटं जागेवर ठेवली, ओठ कसे मिटायचे ते दाखवलं. बऱ्याच फुसक्या फुंकांनंतर एकदाचा आवाज निघाला. रेड्यासारखा, पण निघाला. मी आनंदानं आप्पांकडे बघितलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी नजर जमिनीकडे नेली.

"तुजं मला न्हाई येत," ते म्हणाले. "दात तुजं."

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते मिळालं होतं, आणि मी मात्र पुन्हा बाहेरच, पेटीवर बसलेली. आप्पा उठून व्हरांड्यातल्या खुर्चीकडे निघालेही होते.

तेव्हा मला कंपनीतले मेंटेनन्सचे फिटर आठवले. चालू मशीनचं बेअरिंग आतून खराब झालंय का, हे ते कसं ओळखतात? लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतली बारीकसारीक घरघर दांड्यातून चढून डोक्यात येते. रोज डोळ्यांसमोर बघते मी हे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नवऱ्याच्या टूलबॉक्समधून सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर काढला, लाकडी मुठीचा. मूठ धुतली, आप्पांच्या दातांत दिली आणि टोक अल्टोच्या पितळेला टेकवायला लावलं. ओरखडा पडेल म्हणून माझा तपासणीवाला जीव कळवळला, पण म्हटलं, पडू दे. श्वास भरला आणि होता नव्हता तेवढा दम लावून फुंकलं.

आप्पा हलले नाहीत. मी थांबले. त्यांनी डोळे मिटले होते. मग मूठ तोंडातून काढली, लाळ धोतराला पुसली आणि माझ्याकडे बघितलं, मास्तर पंगतीला गेल्यावर बघायचे तसं.

"बेसूर हाय," म्हणाले. "लई बेसूर."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी मान हलवली. ते म्हणाले, "पुन्ना वाजव," आणि मूठ पुन्हा दातांत धरली.