डावीकडून तिसरे

यमुताईंनी वडिलांना कधी पाहिलं नाही. त्यांचा जन्म व्हायच्या आधीच, दुसऱ्या महायुद्धात, मधुकररावांचं विमान ब्रह्मदेशाच्या जंगलावर गेलं ते परतलंच नाही. घरी आली ती पत्र्याची ट्रंक. तिच्यात त्यांनी हौसेनं केलेली स्क्रॅपबुक होती: वर्तमानपत्रांची कात्रणं, नकाशाचा तुकडा, मेसमधल्या नाताळच्या जेवणाचं कार्ड, आणि फोटो. फोटो बहुतेक त्यांनीच काढलेले, त्यामुळे त्यांत ते नाहीत. एकाच फोटोत विमानापुढे पाच वैमानिक उभे आहेत, त्यातले डावीकडून तिसरे मधुकरराव. लग्नाचा फोटो भिंतीच्या ओलीनं केव्हाच गेला होता. म्हणजे बापाचा चेहरा जगात एवढ्याच ठिकाणी उरलेला.

यमुताई टपाल खात्यात कारकुनी करून निवृत्त झाल्या. स्वभाव करारी, घरच्यांच्या मते हेकट. प्रतापनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आलेल्या पाहुण्याची स्क्रॅपबुक पाहिल्याशिवाय सुटका नसे, चहासुद्धा त्यानंतरच. खंडेनवमीला लोक घरातली शस्त्रं पुजतात. ह्या घरात शस्त्र कुठलं? म्हणून आईनं स्क्रॅपबुकच पाटावर मांडायची पद्धत पाडली. ती बिचारी पुठ्ठ्यालाच हळदकुंकू वाहायची. आई गेल्यावर यमुताईंना ते पटेना. बाप आत आणि गंध पुठ्ठ्याला, ही कसली पूजा? त्या दर वर्षी पान उघडून वडिलांच्या कपाळाला ओलं अष्टगंध लावू लागल्या. दुसऱ्या दिवशी, फोटोवर डाग राहू नये म्हणून, ओल्या फडक्यानं ते मायेनं पुसून घेऊ लागल्या.

अलीकडे काही वर्षांपासून फोटो अंधुक दिसू लागला. मग तवाही अंधुक, दारातला माणूसही अंधुक. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनचं नाव काढलं की यमुताई सुनेशी, वेदिकाशी, भांडायच्या. शेवटी एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "चाल वं, करून टाकू. मरायच्या आधी बाबाचा चेहरा एकदा साफ पाहायचा आहे मले."

धंतोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि छान झालं. पट्टी निघाली तशी यमुताईंना सगळं लख्ख दिसू लागलं. घरी आल्या आल्या त्यांनी पंख्यावरची धूळ दाखवून वेदिकाचा उद्धार केला. फार दिवसांनी त्या इतक्या खुशीत होत्या. हातपाय धुऊन, लुगडं बदलून त्या खिडकीशी बसल्या आणि मांडीवर स्क्रॅपबुक उघडली.

विमानाच्या पंखावरचे खिळे दिसत होते. पहिल्या वैमानिकाची मिशी, दुसऱ्याच्या गालावरची खळी, चौथ्याचं हसू, पाचव्याच्या गळ्यातला रुमाल, सगळं कालच काढल्यासारखं स्वच्छ. तिसऱ्याचा गणवेश होता, कॉलर होती. कॉलरच्या वर पांढरा डाग होता.

यमुताईंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"वेदिका, इकडे ये. तुले काय दिसून राहिलं इथं?"

वेदिका वाकली. "बाबांचा फोटो ना. तो पहिल्यापासून असाच आहे ना, आई? मी लग्न होऊन आले तेव्हाही चेहरा पुसटच होता."

"मग मले काहून सांगितलं नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

दर दसऱ्याला ओलं फडकं फिरवणारा हात यमुताईंनी पुढे केला. बोट डागाजवळ नेलं आणि भिऊन मागे घेतलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. रागवायला कुणीच नव्हतं, आणि हे त्यांना सोसवेना.

वेदिका हळूच म्हणाली, "मोबाईलवर चेहरा बसवता येतो, आई. तुमचा फोटो दिला की त्यावरून करून देतात."

"कोनाचा चेहरा वं?"

वेदिका चहा टाकायला आत गेली.

यमुताईंनी डोळे मिटले. नजर गेली होती त्या वर्षांत त्या अशाच डोळे मिटायच्या, आणि बाबा दिसायचे: रुंद कपाळ, भुवया जुळलेल्या, ओठ किंचित उघडे. आज त्या वाट पाहत राहिल्या. कॉलर आली, खांदे आले, वर तेवढा पांढरा डाग आला.