तांड्यावरचं गणित

बंजारा तांड्यावरच्या दोन खोल्यांच्या शाळेत मी नऊ वर्षं गणित शिकवतेय. कळमनुरीला घरी पोचले की नवरा विचारतो, "आज काय शिकवलंस?" आणि मी, आज काय शिकले, तेच सांगत बसते. असे किस्से साठतच जातात!

एकदा अपूर्णांक काढला होता. पुस्तकात केक. मी फळ्यावर गोल काढला, चार भाग केले, एकात रंग भरला. "याला म्हणायचं एक चतुर्थांश." सुरेखा म्हणाली, "म्याडम, ही तर चतकोर भाकर हाय! येवढं अवघड काहून करून राहिल्या?"

त्या दिवसापासून केक बंद!

मग लांबी. पोरांना घरच्या हळदीच्या वावराचा बांध पावलांनी मोजून आणायला सांगितलं. गोपाळ म्हणाला, "माजी पावलं साठ, बापाची चाळीस." नेमके तपासणीला साहेब आलेले. त्यांनी कौतुकानं विचारलं, "मग बरोबर उत्तर कोणतं?" मला वाटलं, आता हा मीटरचं नाव काढणार!

"बापाचं."

"का रे?"

"वावर त्याचं हाय ना!"

साहेब हसत हसत गेले ते शेरा लिहायचंच विसरले.

जमनाबाई तांड्यातली म्हातारी. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण आरशांच्या भरतकामात एक नंबर. सममिती शिकवायला तिला वर्गात बोलावलं आणि तिची नक्षी मी ऐटीत फळ्यावर उतरवली. ती डोळे बारीक करून बघत राहिली. "पोरी, डावीकडं येक टाका जास्ती झाला."

मोजलं. झाला होता!

तिचीच नात लाली. हा किस्सा मी सहसा सांगत नाही. मी तांड्यावर नवीनच होते, लाली पहिलीत. पहिल्या दिवशी मी दोन बोटं दाखवली. "किती?"

"दी."

"दी नाही गं, दोन. चुकलं!"

त्यानंतर गणिताच्या तासाला लालीनं तोंड उघडलं नाही. दिवाळी गेली तरी नाही. 'कच्ची आहे', असं मी वहीत लिहूनही टाकलं.

एका दुपारी जमनाबाईच्या दारात गेले. लाली आजीला आरसे मोजून देत होती, घरच्या बोलीत. "एक, दी, तीन..." न अडखळता, पार वीसपर्यंत. मी दारातच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्यासमोर जमिनीवर बसले. "लाली, आज तू मला शिकव."

तिनं माझं एक बोट धरलं. "एक." मी म्हटलं, "एक." मग दुसरं धरलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "दोन!"

पोरं ओरडली, "चुकलं, चुकलं!"

लालीनं माझं बोट सोडलं नाही. हळूच म्हणाली, "न्हाई चुकलं, म्याडम. तुमच्या घरी तसंच म्हणत असतील."