फिरकीचा तांब्या

सिगारेट सोडून पाच वर्षं झाली होती. सुटली, असं मात्र म्हणता येत नव्हतं. त्याआधी ती एकदा आठ महिने बंद होती. एका सहकाऱ्याला मुलगा झाला, पेढ्यापाठोपाठ सिगारेट पुढं आली, आग्रह मोडवेना म्हणून एकच झुरका घेतला. आठवड्यात रोजची दोन पाकिटं पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या खेपेला म्हणून नियम एकच ठेवला : झुरकासुद्धा नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला होता, तलब आली की घोटभर पाणी. त्यासाठी फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या पिशवीत कायम असे.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा जिल्हा बातमीदार होतो. उन्हाळ्यात घाटंजीपासून दोन कोसांवरच्या एका गावातून तक्रार आली, की सार्वजनिक विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून बौद्धांचं पाणी बंद केलं आहे. काट्या मी पाहिल्या. गावात कोणी बोलेना. ज्यांचं पाणी बंद, त्यांच्यापैकी एकानं तरी नावानिशी सांगितल्याशिवाय कार्यालय बातमी छापणार नव्हतं.

वस्तीतला एकजण ओळखीचा होता. धर्मांतराच्या आदल्या वर्षी कापसाच्या बाजारात आम्ही भेटलो होतो, आणि एकच बिडी दोघांनी ओढली होती. तो ते विसरला नव्हता. अंगणात पाच-सहा माणसं जमली. त्यानं बिडी पेटवली, एक झुरका घेतला आणि माझ्यापुढं धरली.

"घ्या साहेब. मंग बोलू."

"सोडली मी."

"कधी?"

"पाच वर्षं झाली."

"म्हंजे आमी बौद्ध झालो त्याच्या बादच." कोणीतरी हसलं. तो हसला नाही. "तवा तं आमच्या हातची गोड लागे. आता काहून नाही?"

बिडी तशीच माझ्यासमोर होती. धूर नाकात गेला, घसा कोरडा पडला, आणि हातानं पाच वर्षांच्या सवयीचं तेच केलं. तांब्या काढला, फिरकी सोडवली, घोट घेतला. झाकण परत बसवताना चूक लक्षात आली. ज्यांचं पाणी तोडलं होतं, त्यांच्या अंगणात बसून मी घरून आणलेलं पाणी प्यायलो होतो.

"पाहा बाप्पा," भिंतीला टेकलेला म्हातारा म्हणाला, "पेपरवाले पाणीबी घरूनच आणतेत."

दोघे उठून चालू लागले. मी डॉक्टरांचं सांगितलं, तलबेचं सांगितलं. बोलता बोलता ते माझ्याच कानाला बनावट वाटू लागलं.

माझ्या ओळखीच्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली, माझ्या हातून तांब्या घेतला आणि आतलं पाणी स्वतःच्या माठात ओतलं. मग त्याच माठातून तांब्या गळ्यापर्यंत भरून आणला. ते पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं होतं, वाळू उकरून वाटीवाटीनं भरलेलं.

"तलब आली का पाणी, असंच ना बाबू? मंग बस इथं." आणि मुलाकडं वळून, "तू पे तुही बिडी. पाहू दे, याले किती तहान लागते ते."

त्यानं धूर सरळ माझ्याकडं सोडला. मी घोट घेतला. पाणी गढूळ होतं, दातांखाली वाळू येत होती. त्या बिडीवरच त्यानं दुसरी पेटवली. उठलेले दोघे कुंपणाशी थांबले. पहिल्या आठवड्यातही तलब इतकी अनावर झाली नव्हती. हात पुढं केला असता तर बिडी मिळाली असती, आणि बहुधा बातमीही. दोन्ही हातांनी मी तांब्या धरून ठेवला.

म्हातारा मोठ्यानं घोट मोजत होता. नवव्याला तो म्हणाला, "पुरे कर बे. आणखी एक पेटवशीन तं मायले पुन्हा झिऱ्यावर जा लागन."

या वेळी सगळे हसले. तिच्या मुलानं अर्धी बिडी मातीत चुरली.

"लिहा," तो म्हणाला, आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

लिहिताना माझी नजर मातीतल्या अर्ध्या बिडीकडं गेली. त्यानं ते पाहिलं आणि तांब्या माझ्याकडं सरकवला.