हेलादिओच्या रानातला ओंडका

काल पलीकडच्या सोयाबीनवर फवारणी झाली होती. सकाळी फाउस्तिनाने छपराखालच्या मेलेल्या मधमाश्या वेचल्या, तर भोपळ्याचा अर्धा तुंबा भरला. तिने त्या पानात गुंडाळून रोजच्या जागी पुरल्या. मेलेली माशी उघड्यावर टाकायची नाही, हे सासूने शिकवलं होतं. पण इतक्यांसाठी खड्डा खणावा लागेल, असं सासूलाही कधी वाटलं नसेल. कंबर धरून ती उठली.

बासष्ट वर्षांची बाई, तेरा पोकळ ओंडके आणि त्यांत राहणाऱ्या, डंख नसलेल्या मधमाश्या. नवरा सेवेरो गेल्यापासून संसार एवढाच. माश्या जगायच्या मागच्या रानावर, आणि ते रान धाकट्या दिराचं, हेलादिओचं. झाडं पाडून ते सोयाबीनवाल्यांना कसायला द्यायचं त्याच्या मनात होतं. रविवारी गावसभेत सही व्हायची होती. मधाच्या गटातल्या बायकांनी त्याला दोनदा समजावलं. तो हसून त्यांना हो म्हणाला. सोयाबीनवाल्यांनाही म्हणाला होता.

फाउस्तिना भांडायला गेली नाही. भांडणाच्या घरात माश्या टिकत नाहीत. तिने एकेका ओंडक्यावर टिचकी मारून कान लावला. सगळ्यांत भरीव गुणगुण होती तो उघडला, पिलांच्या अर्ध्या चकत्या वरच्या माश्यांसकट नव्या ओंडक्यात ठेवल्या, ये-जा करायचं भोक सोडून दोन्ही टोकं मातीने लिंपली आणि तो पाठीवर बांधून हेलादिओच्या रानात, हाबीनच्या झाडाखाली नेऊन ठेवला. वाटेत चार वेळा बसली.

चार दिवसांनी तो तिथे आला, तेव्हा ती मुंग्या झाडत होती.

“वहिनी, हे काय बांधलंत माझ्या गळ्यात?”

“तुमच्या आईच्या माश्यांतला तुमचा वाटा. नको असेल तर उचला, भाऊजी.”

वसलेल्या माश्यांभोवतीचं झाड त्याच्या घरात कुणी तोडलं नव्हतं. तो ओंडक्याभोवती एक फेरी मारून आला. भोकाच्या तोंडाशी एक माशी डोकं बाहेर काढून राखण करत होती.

“आईसुद्धा बरी होती तुमच्यापेक्षा,” तो म्हणाला.

रविवारी त्याने सही केली नाही. यंदा नाही, एवढंच सभेत बोलला. पुढच्या वर्षाचं कुणी विचारलंही नाही. परतताना तो तिच्या दारात थांबला. मला यातलं काही जमत नाही, माश्या गेल्या तर मला बोल लावू नका, तुमचं तुम्हीच बघा, असं सांगून गेला.

म्हणजे आता रोज अर्धा कोस जायचं आणि अर्धा कोस यायचं. फाउस्तिना बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिली. सोमवारी ऊन चढायच्या आत ती पिशवीत ओली माती घेऊन निघाली. ओंडक्याला कुठे फट राहिली असेल तर बुजवायला.